रविवारची शिट्टी

दिवाळी हा दिव्यांचा सण खरा, पण तो नियमांचाही सण आहे. नरकचतुर्दशीचे स्नान कोणत्या वेळी करावे, लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त कोणता, फराळाच्या डब्याला नैवेद्याआधी हात लावावा की नाही, यांविषयी घरोघर ठाम मते असतात. ती मते सर्वांत ठाम असतात घरातल्या आजीची. आणि गंमत अशी की, नैवेद्य दाखवायच्या आधीच धाकट्या नातवाच्या मुठीत गुपचूप एक चकली सरकवणारीही तीच असते. ही म्हातारी त्या क्षणी धर्म मोडते की पाळते?

प्रश्न दिसायला पोरकट आहे, पण जगातल्या एका मोठ्या धर्माच्या मुळाशी तोच प्रश्न उभा आहे, आणि त्याच्यापायी त्या धर्माच्या संस्थापकाने शत्रू ओढवून घेतले. तो धर्म ख्रिस्ती. दिवाळी अंकात ख्रिस्ताची कथा कशाला, असे कोणी विचारील, तर त्याला माझे उत्तर एवढेच की, सोवळे काय ते ज्यांना ठाऊक आहे त्या मराठी वाचकांना ही कथा जितकी चटकन कळेल तितकी ती कदाचित लंडनच्या वाचकालाही कळणार नाही.

यहुदी लोकांचा शब्बाथ हा विसाव्याचा दिवस. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत तो पाळायचा. त्या दिवशी कामधंदा वर्ज्य. एका शब्बाथाच्या दिवशी येशू शिष्यांसह शेतांमधून चालला होता. शिष्यांना भूक लागली होती. त्यांनी चालता चालता कणसे मोडली, तळहातावर चोळली आणि दाणे तोंडात टाकले. यात चोरी नव्हती. वाटसरूने दुसऱ्याच्या शेतातली चार कणसे हाताने मोडून खावीत, विळा मात्र लावू नये, अशी मुभा मोशेच्या नियमशास्त्रातच आहे. आक्षेप होता तो दिवसाचा. कणीस मोडणे म्हणजे कापणी, चोळणे म्हणजे मळणी, आणि शब्बाथाच्या दिवशी कापणी-मळणी म्हणजे नियमभंग! परूशांनी हा मुद्दा काढताच येशूने त्यांना दाविदाची आठवण दिली. भुकेल्या दाविदाने याजकांखेरीज कोणी खाऊ नये अशी देवापुढची भाकरी खाल्ली होती, तिचे काय? आणि मग विसाव्याचा दिवस माणसाच्या भल्यासाठी नेमलेला आहे, माणूस काही त्या दिवसाची चाकरी करण्यासाठी घडवलेला नाही, अशा अर्थाचे ते उत्तर दिले, जे मार्काच्या शुभवर्तमानाने जगाला दिले.

येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कणसे मोडली ती शिष्यांनी. येशूने मोडली असे मार्क म्हणत नाही. त्याने कैवार घेतला तो दुसऱ्यांच्या भुकेचा. या बारकाव्याकडे आपल्याला पुढे परत यावे लागेल.

दुसरा प्रसंग लूकने सांगितलेला. सभास्थानात एक बाई आली. अठरा वर्षे ती कंबरेत वाकलेली. तिला सरळ उभे राहता येत नसे. येशूने तिला स्वतःहून जवळ बोलावले, तिच्यावर हात ठेवला, आणि ती सरळ झाली. सभास्थानाचा अधिकारी रागावला. तो त्या बाईवर किंवा येशूवर थेट घसरला नाही. त्याने लोकांना उद्देशून सांगितले की, कामाचे सहा दिवस आहेत, तेव्हा या आणि बरे व्हा, आजच्या दिवशी नको.

आपण या अधिकाऱ्याला चटकन खलनायक ठरवून मोकळे होतो. पण त्याचे म्हणणे जरा शांतपणे ऐका. ते किती समंजस आहे! बाई मरत नव्हती. अठरा वर्षे काढलेल्या बाईला आणखी काही तास काढणे अशक्य होते काय? सूर्य मावळला की शब्बाथ संपलाच. कोणत्याही कचेरीतला चांगला हेडक्लार्क यापेक्षा वेगळे काय सांगेल?

परूशी लोकांवर तर आपण भाषेतही अन्याय केला आहे. ख्रिस्ती लेखनात त्यांचे नाव ढोंगीपणाला समानार्थी होऊन बसले. वस्तुतः ही माणसे आपल्या धर्मावर जिवापाड प्रेम करणारी होती. ज्या छोट्या राष्ट्राभोवती ग्रीक आणि रोमन साम्राज्यांचा समुद्र खवळलेला, त्याने आपले वेगळेपण टिकवले ते या नियमांच्या बांधावर. पुढे मिश्ना या ग्रंथात शब्बाथाला वर्ज्य अशा एकोणचाळीस प्रकारच्या कामांची यादी दिली आहे. तिच्यात नांगरणी, कापणी, मळणी आहे, तशी गाठ बांधणे आणि गाठ सोडणे हीही आहेत. पण त्याच मिश्नाने हेही सांगितले की, जीव धोक्यात असेल, नुसती तशी शंका असेल, तरी शब्बाथ बाजूला ठेवावा. हे शहाणपण यहुदी समाजाने रक्त देऊन मिळवलेले होते. इ. स. पूर्व १६७ च्या सुमारास, परकी राजाच्या धर्मछळाला कंटाळून रानात जाऊन लपलेल्या लोकांवर नेमका शब्बाथाच्या दिवशी हल्ला झाला. त्यांनी एक दगडही उचलला नाही. बायकामुलांसह सुमारे हजार माणसे मेली. ती बातमी ऐकून मत्तथ्या आणि त्याच्या साथीदारांनी ठरवले की, यापुढे शब्बाथाच्या दिवशी कोणी चाल करून आले तर लढायचे. नाहीतर नियम पाळायला माणूसच उरणार नाही.

तेव्हा जीव वाचवण्यासाठी नियम मोडावा की नाही, हा वाद येशूपुढे नव्हताच. तो वाद त्याच्या आधीच्यांनी निकालात काढला होता. येशूने पाऊल टाकले ते त्याच्या पुढे. त्याने विचारले की, तुम्ही आपला बैल, आपले गाढव शब्बाथाच्या दिवशी गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेता ना? मग अठरा वर्षे बांधून पडलेली ही अब्राहामाची लेक आज सोडवली तर कोठे बिघडले? गाठ सोडण्याच्या मनाईला त्याने गाठ सोडण्याच्याच भाषेत उत्तर दिले. तहानलेल्या बैलाला संध्याकाळपर्यंत थांब असे कोणी सांगत नाही. माणसाला मात्र सांगतात.

हे सारे वाचताना मला नेहमी वाटते की, येशूने शब्बाथ मोडला म्हणण्यापेक्षा तो मुळाशी नेला म्हणणे अधिक खरे आहे. कारण हा नियम जन्मला कशातून? अनुवाद या पुस्तकात तो नियम देताना कारण सांगितले आहे: तुम्ही स्वतः मिसर देशात गुलाम होता, त्याची आठवण ठेवा, तुमचा दास, तुमची दासी, तुमचा बैल, तुमचे गाढव, तुमच्या दारी राहणारा परका, या सर्वांना त्या दिवशी विसावा मिळू द्या. म्हणजे तो नियम मुळात राबणाऱ्यांच्या पाठीवरून फिरवलेला हात आहे. आपल्याकडे पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत, त्याच जातीची ही माया. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी नव्हती, तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ती मागणी लावून धरली आणि १८९० साली ती मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, असेही त्या मागणीच्या बाजूने सांगितले गेले. देव निराळा, पण दुखणारी पाठ तीच.

मग करुणेतून जन्मलेला नियम निर्दय कधी होतो? माझ्या मते त्याची एक सोपी कसोटी आहे. नियम पाळल्याची किंमत कोणाच्या खिशातून जाते ते पाहावे.

येशूने कर्बानाचे उदाहरण दिले आहे. एखादा मुलगा आपली मालमत्ता देवाला वाहिली असे म्हणे, आणि त्यामुळे म्हाताऱ्या आईबापांना त्यातून काही देता येत नाही असा नियम सांगे. व्रत मुलाचे, उपास आईबापांचा! वाकलेल्या बाईचेही तेच. शब्बाथाचे पावित्र्य अधिकाऱ्याचे आणि त्यासाठी पाठ वाकवायची तिने. येशूने स्वतः चाळीस दिवस उपास केला असे शुभवर्तमाने सांगतात. स्वतःच्या बाबतीत तो ढिला नव्हता. पण दुसऱ्याच्या भुकेवर आपल्या धर्माचे बिल फाडायला त्याची तयारी नव्हती.

ही कसोटी विसाव्या शतकातल्या एका माणसाच्या आयुष्यात विलक्षण स्पष्टपणे दिसते. त्याचे नाव एरिक लिडेल.

लिडेल हा स्कॉटिश मिशनरी आईबापांचा मुलगा. १९०२ साली चीनमध्ये तिएन्‌त्सिनला जन्मला. स्कॉटलंडकडून तो रग्बी खेळला आणि धावण्यात तर त्याचा हात धरणारा विरळा. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची शर्यत तो जिंकणार अशी ब्रिटनची आशा होती. वेळापत्रक आले. शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या. ख्रिस्ती लोकांनी येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून रविवार पवित्र मानला आणि शब्बाथाचे बरेच नियम त्याला चिकटले. स्कॉटलंडमध्ये तर ते फारच घट्ट चिकटले होते. लिडेलने रविवारी धावण्यास नकार दिला. वर्तमानपत्रांतून टीका झाली, देशभक्तीची शंका घेतली गेली. तो बधला नाही. शंभर मीटरचे सुवर्णपदक हॅरल्ड अब्राहम्सने मिळवले. लिडेल दोनशे मीटरमध्ये तिसरा आला, आणि जी शर्यत त्याची मानली जात नव्हती ती चारशे मीटरची शर्यत त्याने ४७.६ सेकंदांत जिंकली.

१९८१ साली ‘चॅरिअट्स ऑफ फायर’ या चित्रपटाने ही कथा जगभर नेली. नियमासाठी पदकावर पाणी सोडणारा वीर म्हणून लिडेल लोकांच्या मनात बसला. पण चित्रपट पॅरिसमध्ये थांबतो. लिडेल थांबला नाही. १९२५ साली तो चीनला परतला, शिक्षक झाला, मिशनरी झाला. जपानी आक्रमणाने परिस्थिती बिघडली तेव्हा १९४१ साली त्याने गरोदर पत्नीला आणि दोन मुलींना कॅनडाला पाठवले. तिसरी मुलगी तिकडे जन्मली. तिचे तोंड त्याला कधीच पाहायला मिळाले नाही.

१९४३ मध्ये जपान्यांनी त्याला शांतुंग प्रांतातल्या वेइशिएन येथील छावणीत डांबले. तेथे सुमारे दीड हजार परदेशी कैदी होते. त्यांच्यात चेफू येथील मिशनरी शाळेची मुलेही होती. त्यांतल्या कित्येकांचे आईबाप दूर कोठेतरी, आणि त्यांची खबर नाही. लिडेल या मुलांना शिकवी, त्यांच्यासाठी खेळ भरवी. मुले त्याला अंकल एरिक म्हणत. रविवारी मात्र खेळ नाहीत, हा त्याचा नेम येथेही होता.

आता छावणीतला रविवार डोळ्यांपुढे आणा. भोवती भिंत आणि पहारे. पोटात अर्धे अन्न. शाळा नाही, काम नाही, आईबाप नाहीत. पोरांनी काय करावे? त्यांनी आपली आपण हॉकी सुरू केली. पंच कोणी नव्हता. खेळ मारामारीवर गेला.

लिडेलने काय केले? वीस वर्षांपूर्वी साऱ्या साम्राज्याची मनधरणी ज्याला हलवू शकली नाही, तो माणूस त्यानंतर रविवारी शिट्टी घेऊन मैदानावर उभा राहिला.

काही जण म्हणतील, पाहा, शेवटी वाकलाच की! मला तसे वाटत नाही. पॅरिसमधला लिडेल आणि वेइशिएनमधला लिडेल हे दोन माणसे नव्हेत. पॅरिसला नियमाची किंमत त्याचे स्वतःचे पदक ही होती. ती त्याने हसतमुखाने मोजली. छावणीत तीच किंमत आईबापांवाचून राहिलेल्या पोरांच्या माथी बसत होती. ती त्यांच्याकडून वसूल करायला त्याचे मन धजेना. त्याने आपल्यापुरता नियम सोडला असे कोठे आहे? सोडले ते दुसऱ्यावरचे ओझे. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतल्या गाठीने त्या छावणीतच त्याचे निधन झाले. सुटका अवघ्या सहा महिन्यांवर आली होती.

पॅरिसचे पदक नसते तर त्या शिट्टीला एवढे मोल आले नसते, हेही सांगितले पाहिजे. ज्याने नियम कधी पाळलाच नाही, त्याने तो माणसासाठी सोडला या म्हणण्यात काही अर्थ नाही. त्याच्याजवळ सोडायला होते काय?

येथे एक गंभीर शंका येते आणि ती टाळता कामा नये. माणूस मोठा, नियम लहान, असे एकदा म्हटले की प्रत्येक जण आपल्या सोयीचा माणूस शोधून काढतो. बहुधा तो माणूस म्हणजे आपण स्वतःच! लाच घेणाराही घरच्यांचे नाव सांगतो, वशिला लावणाराही माणुसकीची भाषा बोलतो. नियम नसतील तर दुबळ्याचा वाली कोण? हे खरे आहे. अनेकदा नियम हेच दुबळ्याचे छत्र असते. गिरणी कामगाराचा रविवार हा शेवटी नियमच होता. म्हणून तर कणसांच्या त्या बारकाव्याला महत्त्व आहे. येशूची ढिलाई स्वतःसाठी नाही, ती दुसऱ्यासाठी आहे. आपल्या सोयीसाठी नियम वाकवणारा आणि दुसऱ्याच्या दुःखासाठी नियम वाकवणारा यांना एका तागडीत तोलणे म्हणजे चोराला आणि वैद्याला दोघांच्याही हातात सुरी आहे म्हणून एक समजणे होय.

आपल्या महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती इतिहासातही हा धडा गिरवलेला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर दोघे पुन्हा एकत्र आले, ते एक जण ख्रिस्ती आणि दुसरी सोवळ्यातली, असे. नव्या धर्माच्या उत्साहात टिळकांना बायकोचे सोवळे एका फटक्यात मोडता आले असते. तेव्हाचा नवरा होता, त्याला कोण अडवणार? पण ते थांबले. जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा विचार लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या डोक्याने केला, स्वतःच्या वेळी केला, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. ती सारी घालमेल ‘स्मृतिचित्रे’त आहे. माझ्या वर्गातली आजची मुलेही तो भाग आला की हसता हसता गप्प होतात.

पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. स्वतः ख्रिस्ती असूनही तेथे येणाऱ्या विधवांना आपले जातीचे आचार पाळण्याची मोकळीक त्यांनी ठेवली. त्यांना दोन्हीकडून बोल बसले. धर्म शिकवत नाही म्हणून एकीकडे कुरकुर, धर्म शिकवते म्हणून दुसरीकडे ओरड. पण डोके भादरलेल्या पोरीला आधी छप्पर हवे, मग धर्माची चर्चा, एवढे त्यांना कळत होते. आणि टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना सारखीच जागा ठेवली. बाप्तिस्म्याला ते हलके मानीत होते असे नव्हे. दाराच्या चौकटीपेक्षा दारात उभा असलेला माणूस त्यांना आधी दिसत होता.

हे ऐकून मराठी मनाला नाथांची कावड आठवल्याशिवाय राहणार नाही. रामेश्वराला न्यायचे गंगाजल त्यांनी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. लूकच्या कथेतही गाढव आहे आणि त्याला पाजायचे पाणी आहे. दोन्ही कथांची गाठ कोणी घातली नाही, तरी त्या एकमेकींना ओळखतील.

पण कथा ऐकून मान डोलावणे सोपे. आपल्या घरात, संस्थेत, कचेरीत आपण जे नियम राखतो त्यांच्यासाठी थांबून कोण राहिले आहे, हे कधी मोजावे. सभास्थानाच्या त्या अधिकाऱ्याला नियम अचूक ठाऊक होता. त्याला एकच गोष्ट ठाऊक नव्हती: अठरा वर्षे जमिनीकडे पाहत काढल्यावर आणखी एक संध्याकाळ किती लांब असते.